रॉन डेनचे यार्ड ७,१२५ की ६,३९७? (नानांचा प्रश्न)

वारणाकाठ (शनिवार, रात्री ९:४०)

माझे वडील, नाना, सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे मॅडिसनला आलेत. वय ७९. नोकरी बँकेत झाली, पण जीव स्कोअरबुकात. चाळीसेक वर्षं रविवारी गावातल्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरिंग केलं. तेही फुकट, वर पेन्सिली स्वतःच्या.

आज त्यांना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला नेलं. आपला फुटबॉल नव्हे, अंड्यासारखा चेंडू बगलेत मारून पळतात तो. खेळ डोक्यावरून गेला, पण कॅम्प रँडल स्टेडियमच्या वरच्या मजल्याच्या कठड्यावर काही नावं आणि नंबर लिहिलेत, तिथे त्यांची नजर अडकली. "३३, डेन. हा कोण?"

मी ऐटीत सांगितलं: रॉन डेन, १९९६ ते १९९९ इथे खेळला, १९९९ ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती), कॉलेज फुटबॉलमध्ये धावून सगळ्यात जास्त यार्ड काढणारा माणूस, ७,१२५.

घरी येऊन नानांनी नातवाला कामाला लावलं. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या) यादीत डेन दुसरा, ६,३९७. पहिला सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पंफ्री, ६,४०५. आठ यार्डांनी पुढे! आणि विस्कॉन्सिनच्या स्वतःच्या रेकॉर्ड बुकात डेनचे ७,१२५.

नाना विचारतायत, "एका माणसाचे दोन आकडे कसे? स्कोअरर किती होते?"

मला थातुरमातुर उत्तर देता आलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झिपऱ्या

"स्कोअरर किती होते" 😂 नानांना साष्टांग दंडवत. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

खारे शेंगदाणे

मॅडिसनला शिकलोय, त्यामुळे हा विषय म्हणजे आमच्या घरचं भांडण. स्कोअरर एकच होते, बेरीज करणारे दोन.

नियमित हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत चांगल्या संघांना एकेक 'बोल' सामना मिळतो. रोझ बोल, ऑरेंज बोल वगैरे. २००२ च्या आधी एनसीएए बोलमधले आकडे वैयक्तिक हिशेबात धरतच नसे. तो सामना म्हणजे हंगामानंतरचं बक्षीस, थोडक्यात प्रदर्शनीय सामना, असा जुना समज. २००२ पासून धरायला लागले, पण मागचे हिशेब उघडले नाहीत.

डेन चार वर्षांत चार बोल खेळला. १९९६ च्या हंगामानंतर कॉपर बोल, युटाविरुद्ध २४६ यार्ड. पुढच्या वर्षी आउटबॅक बोल, जॉर्जियाविरुद्ध फक्त ३६. मग लागोपाठ दोन रोझ बोल: यूसीएलएविरुद्ध २४६, स्टॅनफर्डविरुद्ध २००. हे सगळे एनसीएएच्या लेखी झालेच नाहीत. पंफ्री २०१३ ते २०१६ खेळला, त्याचे बोल सामने धरले गेले. विक्रम मोडला तोच मुळी बोलमध्ये, डिसेंबर २०१६, लास वेगास, ह्यूस्टनविरुद्ध. १०८ हवे होते, ११५ काढले.

म्हणजे डेनचे चार बोल बाहेर फेकलेल्या आकड्याशी पंफ्रीचे बोल धरलेल्या आकड्याची तुलना. घ्या न्याय.

कडीपत्ता

बोल म्हणजे वाटी ना? मग पंफ्रीची वाटी मोजली आणि डेनच्या चार वाट्या सांडल्या, एवढं कळलं. पण 'धावून यार्ड' म्हणजे नेमकं काय मोजतात? कृपया माठ समजून सांगा.

खारे शेंगदाणे

कबड्डीची चढाई डोळ्यांसमोर आणा. चेंडू जिथे ठेवलाय तिथून खेळ सुरू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅकने (खेळ चालवणारा मुख्य गडी) चेंडू फेकला आणि कुणी झेलला तर ते पासिंगचे यार्ड. हातात दिला आणि घेणारा समोरच्या गर्दीत घुसला, तर पाडेपर्यंत जेवढं अंतर कापलं तेवढे धावेचे यार्ड. मागे रेटला गेला तर वजा. डेन अडीचशे पौंडांच्या वरचा गडी. एकट्याने पाडणं अवघडच, तीनचार जण लोंबकळायला लागायचे.

मिशन व्हॅली (रविवार, पहाटे १:१२)

सॅन डिएगोहून. विस्कॉन्सिनवाल्यांची ही रडगाणी २०१६ पासून ऐकतोय. आता आमचंही ऐका.

पंफ्री पावणेसहा फूट उंच, वजन १८० पौंडांच्या आसपास. त्या उंचीवजनाने चार वर्षं राक्षसांच्या मधून निसटत राहिला. कॅरीमागे (चेंडू घेऊन केलेल्या एका धावेमागे) ६ यार्ड काढले, डेनचे ५.७. तो खेळला तेव्हाच्या नियमाने त्याने विक्रम केला. नियम त्याने बनवला नव्हता. डेननेही १९९९ मध्ये रिकी विल्यम्सचा ६,२७९ चा विक्रम मोडला तेव्हा त्याच जुन्या नियमाने मोडला, आणि तेव्हा मॅडिसनात कुणी म्हणालं नाही की थांबा हो, विल्यम्सचे बोल आधी मिळवा.

खारे शेंगदाणे

@मिशन व्हॅली, शेवटचा मुद्दा झोंबला. पण एक सांगा: पंफ्रीचे सामने ५४, डेनचे एनसीएएच्या हिशेबातले ४३. अकरा सामने म्हणजे जुन्या काळचा आख्खा हंगाम!

मिशन व्हॅली

तेंडुलकरने २०० कसोटी खेळल्या म्हणून त्याच्या धावा कमी धरता का?

दुपारची झोप

आला. तेंडुलकर आला. सातव्या प्रतिसादापर्यंत वाट बघायला लावली म्हणजे धागा दर्जेदार आहे.

वारणाकाठ

नानांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "जो सामना धरायचा नाही त्यात माणसाला खेळवता कशाला? गुडघा मोडला असता तर तो धरला असता का?"

झिपऱ्या

नानांना या संस्थळाचं सदस्यत्व द्या, तुमचं रद्द करा.

थंडीतली बाई

रॉन डेनचा मोठा दिवस मी पाहिलेला नाही, पण मिस्टरांच्या ऑफिसातले एक गृहस्थ पाहून आलेत. १३ नोव्हेंबर १९९९, समोर आयोवा. डेनला ९९ यार्ड हवे होते. स्टेडियमभर पांढरे टॉवेल वाटले होते, 'डेन ३३' लिहिलेले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याचे चार भाग असतात, त्यातल्या दुसऱ्यात) ३१ यार्डांची धाव घेऊन विक्रम मोडला आणि सत्तर-ऐंशी हजार लोक टॉवेल फिरवायला लागले. एकूण २१६ यार्ड काढले त्या दिवशी, सामना ४१-३. नानांनी पाहिलं ते कठड्यावरचं नाव त्याच दिवशी उघडलं. त्या गृहस्थांनी तो टॉवेल अजून जपलाय, मुलाच्या लग्नात खिशात होता म्हणे.

मी स्वतः पाहिला तो दुसरा सामना. १५ नोव्हेंबर २०१४, समोर नेब्रास्का, वरून बर्फ. लग्न होऊन नुकती आले होते, अंगात तीन स्वेटर आणि त्यावर मिस्टरांचं जॅकेट, सगळा वेळ लक्ष पायांच्या बोटांकडे. मेल्विन गॉर्डन नावाचा मुलगा चेंडू घेतो आणि सुटतो, घेतो आणि सुटतो. शेजारच्या आजींनी मला स्वतःच्या थर्मासमधलं गरम चॉकलेट दिलं आणि दरवेळी माझ्या मांडीवर थाप मारत ओरडायच्या. तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटच्या खेळीला २६ यार्डांचा टचडाउन (चेंडू घेऊन मैदानाच्या टोकापलीकडे पोचणं, आपला गोलच म्हणा). पुकारलं: ४०८ यार्ड. देशभरातला विक्रम, २५ कॅरींत. मग इथल्या रिवाजाप्रमाणे सगळं स्टेडियम उड्या मारायला लागलं, आजींसकट. बाकाखालचं सिमेंट हलत होतं. गॉर्डन नंतर मैदानात उतरलाच नाही. ५९-२४ जिंकलो.

कडीपत्ता

उतरला का नाही? एक क्वार्टर बाकी होतं ना?

थंडीतली बाई

सामना खिशात होता. मोठी आघाडी असली की मुख्य खेळाडूंना बाहेर बसवतात. दुखापत नको, आणि समोरच्याला लोळवल्यासारखंही नको.

स्टिलवॉटरकर

आणि सातच दिवसांनी तो विक्रम गेला. २२ नोव्हेंबर २०१४. ओकलाहोमाचा समाजे पेराइन, पहिल्या वर्षाचं पोरगं, कॅन्ससविरुद्ध पावसात ४२७. गॉर्डनच्या आधी ४०६ चा विक्रम लाडेनियन टॉमलिन्सनच्या नावावर पंधरा वर्षं टिकला होता. गॉर्डनचा एक आठवडा. चौथ्या क्वार्टरमध्ये दोनदा जरी चेंडू दिला असता तरी...

वारणाकाठ

हे वाचून दाखवलं तेव्हा नाना एकदम उठून बसले. "अरे, हा तर आपला भाऊसाहेब!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीचा तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. दहा धावा हव्या होत्या. जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले आता पुरे, आम्ही खेळत नाही. संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकर ४४३ वरच राहिले, आणि कसोटी तर एकही खेळायला मिळाली नाही.

आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात ही गोष्ट लहानपणी पोवाड्यासारखी ऐकवतात. नानांच्या मते गॉर्डनचं दुःख कमी आहे. त्याला स्वतःच्या माणसांनी थांबवलं, निंबाळकरांना समोरच्यांनी.

पेठेतला

नाना, उलट आहे. स्वतःच्या माणसांनी थांबवलं तर दुःख जास्त.

दुपारची झोप

दोन्ही बाजूंनी संयुक्त कुटुंबात राहिलेली माणसं बोलतायत हे उघड आहे.

स्टिलवॉटरकर (रविवार, दुपारी ४:०५)

बोलच्या अन्यायाबद्दल आमच्या गावाइतकं कुणी बोलू नये. ओकलाहोमा स्टेट, बॅरी सँडर्स, १९८८. एका हंगामात २,६२८ यार्ड, अकरा सामन्यांत. धावून ३७ टचडाउन, किक परतवून आणखी दोन, एकूण ३९. शेवटचा नियमित सामना टोकियोत होता (हो, जपानमध्ये), टेक्सस टेकविरुद्ध, तिथे ३३२. तो धरला, कारण वेळापत्रकात होता. मग हॉलिडे बोल, वायोमिंगविरुद्ध २२२ यार्ड आणि ५ टचडाउन. तो धरला नाही. जपानात जाऊन केलेलं चालतं, कॅलिफोर्नियात केलेलं चालत नाही.

धरला तर २,८५० यार्ड होतात. न धरता २,६२८, आणि तरीही आजतागायत कुणाला मोडता आला नाही. २०१४ मध्ये तुमचा गॉर्डन १४ सामने खेळून २,५८७ वर थांबला. २०२४ मध्ये बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी, तोही १४ सामने, २,६०१. सत्तावीस यार्ड कमी पडले. त्या रात्री, ३१ डिसेंबरला, मी एका मराठी मंडळींच्या पार्टीत पावभाजीची ताटली हातात घेऊन कोपऱ्यात फोनवर पेन स्टेटविरुद्धचा तो सामना बघत होतो. जेंटी प्रत्येक वेळी पडला की हुश्श करायचो. यजमानबाईंना वाटलं भाजी तिखट झाली.

गणिताचा तास

सामन्यामागे सरासरी: सँडर्स २३८.९, गॉर्डन १८४.८. विषय संपला.

अजून सोलून बघा. गॉर्डनच्या चौदात एक बोल (ऑबर्नविरुद्ध २५१) आणि एक बिग टेनची (विस्कॉन्सिन ज्या गटात खेळतं त्या परिषदेची) अंतिम लढत. सँडर्सच्या वेळी पहिलं धरत नसत, दुसरं त्याच्या नशिबातच नव्हतं. दोन्ही काढले तर गॉर्डनचे २,२६०.

खारे शेंगदाणे

त्या अंतिम लढतीची आठवण कशाला काढता. गॉर्डनला ७६ यार्डांत बांधून ठेवलं आणि ओहायो स्टेटने ५९-० धुतलं. तो सामना धरला नाही तर आम्हीच पेढे वाटू.

पेठेतला

एक काडी टाकतो. बोल मागे जाऊन धरावेत हा आग्रह मला पटत नाही. १९७५ पर्यंत बिग टेन परिषदेचा नियम होता की बोलला जायचं तर फक्त रोझ बोलला, आणि तेही एकाच संघाने. १९७३ ला मिशिगन एकही सामना हरलं नव्हतं. ओहायो स्टेटशी १०-१० बरोबरी झाली, मतदान झालं, ओहायो स्टेट गेलं, मिशिगन घरी. त्या पोरांनी काय करायचं? ज्यांना वाढलंच नाही त्यांच्यासमोर बाकीच्यांच्या वाट्या मोजायच्या? आज चाळीसच्या आसपास बोल आहेत, निम्म्याहून जास्त संघांना मिळतो. शिवाय १९७२ च्या आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना बहुतेक काळ मुख्य संघातून खेळताच येत नव्हतं, म्हणजे त्यांचे हंगाम तीन. एक खिडकी दुरुस्त केली की शेजारची वाकडी दिसते.

गणिताचा तास

@पेठेतला, असहमत. मिशिगनच्या मुलाने न खेळलेल्या सामन्याचे यार्ड कुणी मागत नाहीये. डेन खेळलाय. पंचांसमोर, लाखभर लोकांसमोर. झालेली गोष्ट लिहायची नाही हा हिशेब कुठला?

पेठेतला

१९७० साली इंग्लंड विरुद्ध शेष विश्व अशी मालिका झाली. खेळताना कसोटी म्हणून खेळले, नंतर आयसीसी म्हणाली ही कसोटी नव्हेच. ग्लॅमॉर्गनचा अ‍ॅलन जोन्स त्यातला एकच सामना खेळला होता, बिचारा कसोटीपटूचा पुन्हा कौंटीवाला झाला. २०२० मध्ये, पन्नास वर्षांनी, इंग्लंडने त्याला टोपी दिली. उलट २००५ मध्ये ऑस्ट्रेलिया विरुद्ध विश्व एकादश हा एक सामना कसोटी धरला, त्यातले मुरलीधरनचे ५ बळी त्याच्या ८०० मध्ये आहेत. झालेली गोष्ट लिहायची की नाही हे खेळणारा कधीच ठरवत नाही, गणितसर.

मिशन व्हॅली

पेठेतला, तुम्ही चुकून माझ्या बाजूने बोलताय.

पेठेतला

चुकून नाही, पण कुणाला सांगू नका.

ओल्या खारका

तुम्ही सगळे आकडे आकाशातून पडल्यासारखे बोलताय. मी शिकत असताना एका छोट्या कॉलेजात (नाव नको) दोन हंगाम हे आकडे टिपायचं काम केलंय. तासाला पैसे मिळायचे आणि मध्यंतरात सँडविच.

वर काचेच्या खोलीत बसायचं. एकाच्या डोळ्याला दुर्बीण, तो ओरडणार: "२२, धाव, तीन, पाडला ५४ ने." दुसरा टंकणार. यार्ड नेहमी पूर्णांकात, अर्धा-पाव काही नाही. चेंडू दोन रेघांच्या मध्ये थांबला तर कुठली रेघ धरायची याचेही नियम. म्हणजे डेनच्या ७,१२५ काय आणि ६,३९७ काय, प्रत्येक कॅरीत थोडी इकडे थोडी तिकडे. हजारभर कॅरींच्या हिशेबात आठ यार्डांच्या फरकावरून पुतळे उभारू नका.

आणि चिखल! एकदा पावसात शर्टांवरचे नंबरच दिसेनात. एका मुलाची चाळीस यार्डांची सुंदर धाव मी त्याच्या जोडीदाराच्या खात्यात टाकली. सोमवारी मुलाच्या आईचा फोन. मग फिल्म बघून दुरुस्ती केली. ती बाई शांतपणे एवढंच म्हणाली, "मी त्याला चालण्यावरून ओळखते, तुम्ही नंबरावरून."

आणखी एक गंमत. कॉलेजात क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी मागे पाडलं तर ते गेलेले यार्ड त्याच्या *धावेतून* वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. एकच आपटी, दोन वह्यांत दोन ठिकाणी. बचावाचं तर विचारूच नका, टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) आणि सॅक (क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं) एनसीएएने अधिकृतपणे मोजायला लागून पंचवीसेक वर्षंच झालीत. त्याआधीचे पाडणारे बहुतेक बेनामी.

थंडीतली बाई

त्या आईचं वाक्य वाचून थांबले थोडी.

दादरचा पार्सलवाला

बेनामीवरून आठवलं. विस्कॉन्सिनमध्ये धावणारे एवढे का निपजतात? डेन, मॉन्टी बॉल (२०११ मध्ये ३९ टचडाउन, सँडर्सशी बरोबरी), गॉर्डन, जॉनथन टेलर. हे सगळे ज्यांच्या पाठीमागून पळाले ते समोरचे पाच धिप्पाड, ऑफेन्सिव्ह लाइन, त्यांच्या नावावर यार्ड शून्य. चेंडूला हातच लावायचा नाही, फक्त वाट मोकळी करायची. आमच्याकडे पालखीपुढे गर्दी हटवणारे असतात तसे. त्यातला जो थॉमस, २००६ ची आउटलंड ट्रॉफी (लाइनमधल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची), नंतर क्लीव्हलंडकडून व्यावसायिक खेळला आणि सलग १०,३६३ खेळी मैदान सोडलं नाही. त्याला मोजायला काहीच नव्हतं म्हणून लोकांनी हजेरी मोजली.

कडीपत्ता

हे आवडलं. मस्टर.

खारे शेंगदाणे

कठड्यावरची सगळी नावं काही आकड्यांमुळे तिथे नाहीत. ८० नंबर डेव्ह श्राइनर, १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत गेला. ८३ नंबर अ‍ॅलन शेफर, १९४४ मध्ये आयोवाविरुद्धच्या सामन्यात दुखापत झाली आणि त्याच दिवशी वारला. कोवळा पोरगा. रेकॉर्ड बुकात शोधलंत तर त्याच्या नावावर काहीही सापडणार नाही. नंबर मात्र पुन्हा कुणाला दिला नाही.

वारणाकाठ

हे मला माहीत नव्हतं. नानांना उद्या सांगेन, आत्ता झोपलेत.

गणिताचा तास (सोमवार, सकाळी ७:३०)

मूळ प्रश्नाकडे येतो, रात्री एक गोष्ट सापडली. एनसीएएच्या लेखी पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा विक्रम जॉनथन टेलरचा, २०१७, १,९७७ यार्ड. आधीचा २००४ चा एड्रियन पीटरसनचा १,९२५. दोघांचेही बोल धरून. आता डेनचं पहिलं वर्ष बघा, १९९६: बोलविना १,८६३, कॉपर बोलचे २४६ धरून २,१०९. म्हणजे विस्कॉन्सिनच्याच टेलरने विक्रम केला, आणि विस्कॉन्सिनच्याच पुस्तकाप्रमाणे तो विक्रम नाही.

टेलरचा आणखी एक आकडा: तीन हंगामांत ६,१७४. चौथ्या वर्षाला न थांबता व्यावसायिक झाला. थांबला असता तर हा धागाच लागला नसता.

खारे शेंगदाणे

घरातल्या घरात मोडतोड. आम्ही दोघांचेही सत्कार केले आणि विषय काढला नाही.

मिशन व्हॅली

हाहा. घरच्याच विहिरीत पाय घसरला.

वारणाकाठ (सोमवार, रात्री ८:१५)

नानांचा निकाल आलाय.

आज दुपारी चहानंतर माझ्याकडून सगळे आकडे घेतले आणि वही काढली. डाव्या रकान्यात बोलविना चार हंगाम: १,८६३, १,४२१, १,२७९, १,८३४. खाली रेघ, ६,३९७. उजव्या रकान्यात चार बोल: २४६, ३६, २४६, २००. खाली रेघ, ७२८. मग दोन्ही मिळवून ७,१२५. पुन्हा खालून वर बेरीज केली, ती त्यांची सवय आहे. मग चष्मा काढून म्हणाले, "ताळा जमतोय. म्हणजे स्कोअररची चूक नाही." शनिवारपासून त्यांना टोचत होतं ते एवढंच होतं. कुणीतरी यार्ड हरवले की काय.

मी विचारलं, मग विक्रम कुणाचा? म्हणाले, "ते कमिटीचं काम. स्कोअररने दोन्ही रकाने ठेवायचे." पंफ्रीचेही असे दोन रकाने करून हवेत म्हणाले. @मिशन व्हॅली, त्याचे बोलमधले आकडे वेगळे काढून द्याल का? मी शोधले तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मी विस्कॉन्सिनचा.

शेफरचं सांगितलं. काही बोलले नाहीत. वहीत खाली ८३ लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

मिशन व्हॅली

देतो. नानांसाठी काहीही. दोन दिवस द्या.

झिपऱ्या

आणि ७,१२५ मधून ६,३९७ वजा करून कुणीच तपासलं नव्हतं इतका वेळ, हे आपल्या सगळ्यांचं कर्तृत्व.

कडीपत्ता

अवांतर: भाऊ शिकागोला आहे, थँक्सगिव्हिंगच्या आधी एक सामना बघायला मॅडिसनला यायचं म्हणतोय. स्टेडियमपाशी गाडी कुठे लावतात?

खारे शेंगदाणे

आजूबाजूच्या लोकांच्या अंगणात. घरमालक स्वतः पाटी घेऊन रस्त्यावर उभे असतात. जितके जवळ तितके जास्त पैसे. सकाळी लवकर यायला सांगा, आणि बाहेर पडायला वाट राहील अशी लावा, नाहीतर पुढची गाडी निघेपर्यंत बसा.

थंडीतली बाई

आणि तीन स्वेटर.